सहा हजारवाल्या दोन पट्ट्या

४ जानेवारी, सोमवार

भाचीने वही दिली. म्हणाली, मामी, मशीन काय करतं, कुठे अडतं ते लिहून ठेव, मला सुधारता येईल. मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, माझ्याकडून कसलं लिहून घेतेस. तर म्हणे, बोलतेस तसं लिही. बोलते तसं लिहिलं तर वही पुरायची नाही.

तर आमचं शिवणकामाचं दुकान. हे कापतात, मी शिवते आणि गिर्‍हाईक सांभाळते. ह्यांचा आधी एक कान गेला, मग दुसरा, आता ठार बहिरे. जीभ शाबूत आहे, पण समोरचा काय म्हणतो तेच कळत नाही तर जीभ चालवायची कशावर. टेबलावर मी काळ्या अस्तराचा तुकडा अंथरलाय. गिर्‍हाईक बोलतं, मी उत्तर देते, आणि ह्यांना सांगण्यासारखं काही असलं तर मापाच्या खडूने अस्तरावर दोन शब्द लिहिते. माझ्यामुळे काम कुठे अडत नाही.

तरी काल म्हणाले, ‘थंडी सरली की दुकान इस्त्रीवाल्याला देऊन टाकू. तो मागतोच आहे. मी नुसता पुतळ्यासारखा बसतो. पुतळ्याला निदान कोट तरी घालतात.’

मी लिहिलं, डोकं फिरलंय का. त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकलं आणि कात्रीला तेल घालत बसले.

हा माणूस घरी बसला तर संपला. आमच्या शेजारचा सुतार असाच घरी बसला, दोन हिवाळ्यांत त्याची सावलीसुद्धा उरली नाही. म्हणून मी भाचीच्या मागे लागले. भाची म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी, कॉम्प्युटरच्या कामात आहे. ती म्हणाली, समोरचा बोलेल ते पडद्यावर लिहून येईल असं करता येतं.

फोनवर आधी करून बघितलं होतं. दुकान इमारतीच्या पोटात, तिथे नेट धड येत नाही. आलं तरी फोन बाहीला भाई लिहितो आणि मुंढ्याला मेंढा. शिवाय हे म्हणाले, बायकांची मापं नेटवरून कुणाच्या घरी जायला नकोत. म्हणून सगळं आपल्याच मशीनमध्ये. भाचीने त्याला आमच्या धंद्याचे शब्द शिकवलेत.

५ जानेवारी, मंगळवार

भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर लावून बघितलं. अक्षरं उमटली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. मी खोकले तर ते गप्प, आणि मी ‘दोरा संपला’ म्हटलं तर पडद्यावर, दोरा संपला. आमच्या मास्तरीणबाई चार वर्षं डोकं फोडून मला जे शिकवत होत्या ते हे डबडं न शिकता करतं.

पण उशीर फार. डॉक्टरीणबाई पॅंट घेऊन आल्या. विचारलं, कमरेत सैल करता येईल का. पडदा विचार करत बसला. तोवर त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील. हे पहिला प्रश्न वाचून म्हणाले, ‘थोडीशी, दोन बोटं.’ त्या हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या. ह्यांनी अंगठ्याने पडदा बंद केला आणि मागच्या खोलीत गेले.

मी म्हटलं, परवा या, आणि भाचीला फोन लावला.

७ जानेवारी, गुरुवार

भाची नवीन मशीन जोडणार आहे. खोका, पंखा, बोर्ड सगळं तिच्याकडे आहे, फक्त मेमरी घ्यायची. मी विचारलं, मेमरीचा आणि उशिराचा काय संबंध, विसरतंय थोडंच ते.

तिने सांगितलं ते मी दिवसभर चघळतेय. म्हणाली, मशीन जेवढं शिकलंय ते सगळं मेमरीत घडी करून ठेवलंय. आता समोरचा ‘बाही’ म्हणाला, तर तो एक शब्द लिहायला मशीन सगळं कपाट उपसतं. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. पुढचा शब्द आला की परत सगळं.

मी म्हटलं, प्रत्येक शब्दाला?

‘प्रत्येक शब्दाला, मामी. कधी अर्ध्या शब्दालासुद्धा.’

मी आमच्या कापडाच्या कपाटाकडे बघितलं. ते मी वर्षातून एकदा उपसते आणि चार दिवस कंबर धरून बसते.

म्हणून म्हणे, उपसायला लवकर हात लागला पाहिजे आणि भराभर बाहेर पडलं पाहिजे. मेमरी म्हणजे एक पट्टी, तिच्यावर दोन आकडे असतात. मोठा म्हणजे वेग, लहान म्हणजे हाक मारल्यावर ओ द्यायला लागणारा वेळ. मोठा जितका मोठा तितका चांगला, लहान जितका लहान तितका चांगला.

तिच्या जुन्या मशीनमधली एक पट्टी तिने दाखवली. हाताच्या पंजाएवढी, चपटी, काळी. तिच्यावर बत्तीसशे आणि सोळा. नवीन घ्यायची तिच्यावर सहा हजार आणि तीस. मी म्हटलं, मला काय कच्ची समजतेस. सोळा सोडून तीस कशाला घेऊ? तीस टाके थांबायचं?

‘मामी, टाके मोजतेस, पण मशीन कुठलं ते बघ की. सोळा टाके पायाच्या मशीनवर, तीस टाके मोटारीच्या मशीनवर. भागाकार कर.’

भागाकार मला येतो, कापडाचा रोज करते. खडूने टेबलावर केला. दोन्हीचा एकच आला. परत केला, परत तोच.

‘मग नवीन घेऊन फायदा काय?’

‘ओ द्यायला दोन्ही सारखीच. पण एकदा ओ दिली की ही दुप्पट कापड सोडते.’

आणि त्या सहा हजारांपुढे अजून सहा शून्यं असतात म्हणे, पट्टीवर जागा नाही म्हणून गाळतात. एका सेकंदात सहाशे कोटी वेळा. मी हे ह्यांना लिहून दाखवलं. ह्यांनी ‘कोटी’ शब्दाखाली बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, चूक झाली असेल म्हणून. मी मान हलवली. मग दोघंही बघत बसलो.

८ जानेवारी, शुक्रवार

मी भाचीला फोन करून विचारलं, ओ द्यायला वेळ लागतो तो किती? डोळ्याचं पातं लवतं तेवढा?

हसली. म्हणाली, मामी, जगात उजेडापेक्षा जोरात काही पळत नाही. बटण दाबलं की खोली भरते, इतका तो जोरात. पट्टी ज्या वेळात ओ देते तेवढ्या वेळात उजेड फक्त तीन मीटर जातो.

फोन ठेवला आणि टेप काढला. दाराच्या उंबर्‍यापासून धरला. तीन मीटर बरोबर कापायच्या टेबलाच्या कडेला आले. म्हणजे सकाळी मी शटर उचलते, उजेड आत शिरतो, आणि तो टेबलाला टेकायच्या आत पट्टीने हाक ऐकून उत्तर दिलेलं असतं. आणि उजेडाला आपण हळू म्हणायची वेळ येते. मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले. देवळात कधी एवढा वेळ बसले नाही.

ह्यांनी वाकून विचारलं, ‘काय मापतेस?’

मी फरशीवरच खडूने लिहिलं, उजेड.

त्यांनी वाचलं. मग म्हणाले, ‘शिवणीत माया किती सोडायची त्याला?’

कितीतरी दिवसांनी थट्टा केली माणसाने. मी मान वर करीपर्यंत ते परत कात्रीकडे वळलेसुद्धा.

९ जानेवारी, शनिवार

मेमरी आणली. भाचीने चिठ्ठी दिली होती, सहा हजार, तीस, दोन पट्ट्यांची जोडी, याच्या वर जाऊ नकोस, बोर्डाला झेपणार नाही.

दुकानदाराने तीन डबे काढले. एकावर सहा हजार आणि चाळीस. एकावर तीस. तिसर्‍यावर बहात्तरशे आणि चौतीस, त्यात दिवे लागतात. मी गल्ल्यावरच भागाकार केला. चाळीसवाली बाद. बहात्तरशेवाली सगळ्यांत सरस आली. हात शिवशिवला. पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. शिवाय दिव्यांचं मशीन आमच्या दुकानात कशाला, नाचायचंय का कुणाला.

‘तीसवाल्या दोन जोड्या दे,’ मी म्हटलं.

तो म्हणाला, ‘काकू, बोर्ड कोणता आहे? एक जोडी पुरते.’

‘घरं किती असतात बोर्डावर?’

‘चार.’

‘मग चार दे. चार काजांना दोन बटणं लावून कुणी कोट नेतं का?’

तो काहीतरी सांगायला लागला होता, पण माझ्याकडे वेळ नव्हता. कापड नेहमी थोडं जास्तच आणावं, कमी पडलं की त्या रंगाचं परत मिळत नाही. ही अक्कल पुस्तकात नसते.

१२ जानेवारी, मंगळवार

भाची कामावर, म्हणून तिच्या मैत्रिणीने येऊन जोडलं. चारही घरं भरली, छान दिसलं. बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडदा काळा. काळा म्हणजे काळाच. हे उठून उभे राहिले. मी म्हटलं, गेलं, सगळं जळलं. मैत्रीण म्हणाली, थांबा.

मला थांबायला सांगितलं की माझ्या पायात मुंग्या येतात. मी बटणाकडे हात नेला तर तिने माझं मनगट धरलं. ‘काकू, हात लावू नका. बोर्ड आणि पट्ट्यांची ओळख चाललीय. किती जोरात बोललं तर तुला ऐकू जातं, किती थांबू, एकेका तारेवर विचारताहेत एकमेकांना.’

खरंच सांगते, मग मी हात मागे घेतला. पहिल्या दिवशी दोन परकी माणसं एका खोलीत, तसं काहीतरी. बाहेर आवाज नाही, नुसता पंखा. खूप वेळाने पडदा उजळला आणि ह्यांनी श्वास सोडला.

पण लिहायला लागलं तर जवळजवळ लॅपटॉपसारखंच. रडत रडत एकेक शब्द. हे उठून मागे गेले. इस्त्रीवाला दारातून डोकावून म्हणाला, ‘काय मामी, आगगाडी निघाली का?’ मी म्हटलं, तुझ्या इस्त्रीच्या वाफेवर चालवतेय.

१३ जानेवारी, बुधवार

भाची आली. खोका उघडला आणि आत बघून कपाळाला हात लावला. ‘मामी, चार?’

मी म्हटलं, आपण मापात कमी पडत नाही.

‘अगं, चौघांना एका दमात सांभाळायचं म्हटलं की बोर्ड पाऊल आखडतो. चार माणसं एक पलंग जिन्यावरून नेतात तेव्हा पळतात का? दोघं पळतील.’

तिने दोन पट्ट्या काढल्या. उरलेल्या दोन शेजारी शेजारी नाही लावल्या. एक घर सोडून एक. मध्ये रिकामं घर. मला बघवेना. मी म्हटलं, निदान कोर्‍या पट्ट्या तरी लाव तिथे, दिसायला. तर म्हणे, रिकामं राहू दे, तेच बरोबर आहे.

त्यात आणखी एक भानगड. नवी पट्टी सहा हजारची असली तरी खोक्यातून काढल्यावर हळूच चालते. सुरू होताना एका निळ्या पानावर जाऊन तिला सांगावं लागतं, बाई, पळ. मैत्रिणीने ते सांगितलंच नव्हतं. भाचीने सांगितलं. परत काळा पडदा, परत ओळखपाळख. या वेळी मी हाताची घडी घालून बसले.

आणि मग. काय लिहू. मी ‘कॉलरचा कॅनव्हास’ म्हटलं आणि तोंड मिटायच्या आत ते पडद्यावर होतं. परत म्हटलं, काहीही म्हटलं, गुंड्या, बॉबिन, मेलं, दळभद्री, सगळं. सगळं कपाट उपसून, प्रत्येक शब्दाला, आणि परत घडी घालून, मला दम लागायच्या आत. मला वाटलं पट्टीवर हात ठेवून बघावं, थरथरते का. भाचीने ठेवू दिला नाही.

हे पडद्यासमोर बसले. मी म्हटलं, ‘ऐकू येतंय का?’ ते वाचून म्हणाले, ‘दिसतंय.’

१६ जानेवारी, शनिवार

आता मशीन वार्‍यासारखं, तरी घोळ आहेच. बँडमास्तर आले. ह्या गावभर वाजवणार्‍यांचे सगळे कोट आमच्याकडचे. एक कोट टेबलावर टाकून विचारलं, उस्ताद, काख का उसवते ही सारखी? मी म्हटलं, शिलाई ढिली राहिली असेल, दोनदा मारून देते, मंगळवारी न्या. ते गेले.

हे पडद्याकडेच बघत बसले होते. मी जाऊन पाहिलं तर तिथे एकच लांबलचक वाक्य. काख का उसवते शिलाई ढिली राहिली दोनदा मारून मंगळवारी न्या. ते गेल्यावर कुठे उमटलं. बँडमास्तर कुठे संपले आणि मी कुठे सुरू झाले काही पत्ता नाही.

मी भाचीला फोनवर फैलावर घेतलं. एवढी सहा हजार, एवढी तीस, आणि उशीर आहे तो आहेच. ती म्हणाली, ‘मामी, मेमरीचा नाही हा. बोलणारा थांबला की त्या शांततेवरून मशीनला कळतं वाक्य संपलं, मग ते लिहितं. शांतता मिळालीच नाही तर ते वाट बघत बसतं.’

‘केवढी शांतता?’

‘फार नाही. एक श्वास. आणि मामा वाचून बोलतील तोवर अजून दोनतीन.’

मी म्हटलं, उजेडाला मागे टाकणारं मशीन, आणि त्याला माझी शांतता लागते.

१९ जानेवारी, मंगळवार

मशीनसाठी गप्प बसायचं ठरवलं. सोपं नाही. गिर्‍हाईक प्रश्न विचारतं तेव्हा उत्तर माझ्या तोंडात आधीच तयार असतं, दात घासताना फेस असतो तसं. म्हणून बँडमास्तर दारात दिसताच मी तोंडात टाचण्या धरल्या. एका कोटाची कड टाचायला घेतली होतीच. ओठांत टाचण्या असल्या की बोलता येत नाही, बोललं तर टोचतात.

बँडमास्तर म्हणाले, ‘झाला का? काख परत उसवणार नाही ना?’

श्वासभर काही नाही. मग पडद्यावर स्वच्छ उमटलं, त्यांचंच, तेवढंच. हे वाचायला लागले. मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. बँडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी टाचण्यांकडे बोट दाखवलं.

हे म्हणाले, ‘उसवणार. शिलाईचा दोष नाही तो. तुमचा ढोलवाला बदलला का?’

बँडमास्तर म्हणाले, ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

हे वाचून म्हणाले, ‘कोटाने. जुना ढोलवाला डावरा होता. त्याचा डावा मुंढा मी खोल कापायचो, हात वर जायला. नवा उजव्या हाताने मारतो, म्हणून उजवी काख फाटते. तुम्ही माप जुन्याचंच दिलंत. आणि तुमचा तुतारीवाला मान वाकडी करून वाजवतो, त्याची कॉलर मी एका बाजूला पाऊण बोट खाली ठेवतो. त्याला माहीत नाही.’

मी ह्या कोटांना किती वर्षं शिलाई मारतेय. एक मुंढा खोल, एक कॉलर उतरती, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. मला वाटायचं, कात्री सरकते ह्यांची. एकेका माणसाचं वाजवणं त्यात कापलेलं आहे हे मला आज कळतंय, तेही पडद्यावरून नाही, माझ्या कानांनी.

बँडमास्तर खुर्ची ओढून बसले. मग विचारतात आणि थांबतात, हे वाचतात आणि सांगतात. सगळ्या बँडला नवे कोट करायचे ठरले. प्रत्येकाने वाद्य घेऊन मापाला यायचं, असं हे म्हणाले. दुकानात ढोल वाजणार आहे. ऐकायचं मला.

एक टाचणी जिभेला लागली. चालायचंच.

२१ जानेवारी, गुरुवार

इस्त्रीवाला आला. हातात मापाचा टेप घेऊनच आला, भिंती मापायला. मी मुद्दाम टाचण्या घेतल्या, कारण ह्याला उत्तर द्यायला मी घसा केव्हाचा साफ करून ठेवला होता.

तो मोठ्याने म्हणाला, ‘मामा, मग ताबा कधी घेऊ? थंडी सरत आली.’ बहिर्‍याशी सगळे मोठ्याने बोलतात, पडद्याला त्याचं काही नाही, अक्षर तेवढंच येतं.

ह्यांनी वाचलं. लगेच बोलले नाहीत. मला वाटलं, हो म्हणतात की काय. टाचण्या थुंकून टाकाव्यात असं झालं. पण मशीनचा विचार केला. एवढी वेगवान पट्टी, क्षणात उत्तर देते आणि मग माणसाची वाट बघते, तक्रार न करता. म्हटलं, मीही बघते.

हे म्हणाले, ‘ताबा कसला घेतोस? बँडचे सगळे कोट अंगावर आहेत. पुढच्या थंडीत विचार. आणि तोवर माझ्या पॅंटींच्या इस्त्र्या दोन पडू देऊ नकोस, मागच्या खेपेला एकेका पायाला दोन दोन रस्ते होते.’

इस्त्रीवाला हसला. ‘मामा, तुम्ही तर बोलायला लागलात.’

हे वाचून म्हणाले, ‘बोलत होतोच.’

तो गेला. जाताना टेप विसरला, तो मी ठेवून घेतला.

ही पट्टीची करामत. आता जो भेटतो त्याला मी सांगते, सहा हजार घ्या, तीस घ्या, पण दोनच घ्या, आणि एक घर सोडून लावा. उरलेली जोडी दुकानदाराने परत घेतली, एक शब्द न बोलता, शहाणा आहे.

दुपारी दुकानात दोघंच होतो. टाचण्या उशीला लावल्या. बोलायला इतकं साठलं होतं की कुठून सुरू करावं कळेना. बघते तर हे पडद्याकडे तोंड करून बसलेले. पडदा कोरा. मी काहीतरी म्हणेन म्हणून हे वाट बघत होते.

मी म्हटलं, ‘अहो, चहा घेणार का?’

खडूने हे मी कधी विचारलं नव्हतं. कशाला विचारायचं, चहाची वेळ झाली की कप समोर आणून ठेवते. रोज.

अक्षरं आली. ह्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

‘नको,’ म्हणाले. ‘दुपारचा चहा मला सोसत नाही. कधीच सोसला नाही. छातीत जळजळतं.’

इतकी वर्षं कप तर रिकामाच परत येतो. कुठे ओतत होते, ते उद्या विचारीन. विचारून थांबेन.